सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा अमेरिकन प्लॉट: फाइल कशी वाचायची

इंदूरमध्ये प्लॉटचा विषय निघाला की शेंबडं पोरसुद्धा विचारतं, डायवर्शन झालंय का (म्हणजे शेतजमीन बिगरशेती झाली का), टीएनसीपीचा, म्हणजे नगररचना खात्याचा, नकाशा पास आहे का, रेरा नंबर आला का, की अजून डायरीवरच चाललंय. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, डायरी म्हणजे कॉलनी कागदावर यायच्या आधीच दलाल एका चिठ्ठीवर तुमचं नाव, प्लॉटची साइज आणि भाव लिहून पैसे घेतो, रजिस्ट्री नंतर बघू, आणि ती चिठ्ठी मधल्या काळात हातोहात विकलीही जाते. आता हेच प्रश्न घेऊन 1785 ते 1820 च्या अमेरिकेत शिरा. इतिहासाच्या पुस्तकात जो भाग सगळ्यात रटाळ असतो, अमक्या कंपनीने तितके लाख एकर घेतले आणि तमक्या देशाचे लोक आणून वसवले, तो भाग असा वाचला की एकदम कळायला लागतो.

माझा धंदाच होम लोनच्या फाइलींमधली टायटल, म्हणजे मालकी खरंच कुणाची ते, बघायचा, म्हणून सवय आहे. हे लिहायचं निमित्त आमचे मामा. मुलगा अमेरिकेत कोलंबसला, त्याच्याकडे राहून आले, तिथून ओहायो नदीकाठच्या गॅलीपोलिस नावाच्या गावी फिरायला गेले, आणि परत आल्यावर मला म्हणाले, "फ्रेंच लोकांना फसवून आणलं होतं म्हणे तिथे. तू सांग रे, रजिस्ट्री झाली होती का नव्हती?" नव्हती. पण ते शोधायचं कसं हे सांगतो, म्हणजे असा कुठलाही जुना सौदा तुमचा तुम्हाला उलगडता येईल.

सगळ्यात आधी ब्रोशर बाजूला ठेवा. ब्रोशर शेवटी वाचायचं, मजा म्हणून. कोऱ्या कागदावर वरपासून खालपर्यंत नावं लिहा, जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, आणि प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहा, या माणसाच्या हातात नेमकं काय होतं. पक्की मालकी, करार, की नुसता पुढे विकत घ्यायचा हक्क. बहुतेक भानगडी इथेच सापडतात.

गॅलीपोलिसचंच घ्या. 1787 मध्ये ओहायो कंपनी ऑफ असोसिएट्स नावाची कंपनी, स्वातंत्र्ययुद्धातल्या न्यू इंग्लंडच्या माजी अधिकाऱ्यांची, रुफस पुटनम वगैरे मंडळी, त्यांच्यातर्फे मनासे कटलर नावाचे पाद्री न्यूयॉर्कला काँग्रेसकडे (तिकडची संसद, आपली काँग्रेस नव्हे) 15 लाख एकर मागायला गेले. तिथे भेटला विल्यम ड्युअर. हा बोर्ड ऑफ ट्रेझरीचा सेक्रेटरी, म्हणजे ज्या खात्याने जमीन विकायची त्याच खात्यातला. याने सांगितलं की तुमचं काम होऊन जाईल, पण त्याच मागणीत आमच्या मंडळींसाठी शेजारची जमीनही घाला, नाव तुमचं चालेल. इंदूरकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. ओहायो कंपनीने निम्मे पैसे, 5 लाख डॉलर, भरले, तेही युद्धकाळातल्या सरकारी कर्जरोख्यांत, जे बाजारात दर्शनी किमतीच्या कितीतरी खाली मिळत होते, आणि 7 एप्रिल 1788 ला मारिएटा गाव सुरू पण केलं. ड्युअरच्या मंडळींनी, म्हणजे सायोटो कंपनीने, छदाम भरला नाही. त्यांच्याकडे होता फक्त ऑप्शन, हप्ते भरत गेलात तर जमीन घेता येईल इतकाच.

आणि तो ऑप्शन पॅरिसमध्ये जमीन म्हणून विकला गेला. विकायला गेलेला एजंट जोएल बार्लो हा कवी, त्याला जोडीदार मिळाला विल्यम प्लेफेअर, हो तोच, ज्याने बार चार्ट आणि पुढे पाय चार्ट काढला, ज्यांच्याशिवाय आज कुठलंच प्रेझेंटेशन होत नाही. टायमिंग पण असं, 1789 चा उन्हाळा, बॅस्टिल पडलेलं, पैसेवाले घाबरलेले, कारागिरांना काम नाही, कारण विग, सोनेरी मुलामा, नक्षीच्या गाड्या हे घेणारे सरदारच पळायला लागले होते. त्यांच्या हातात जे पत्रक पडलं त्यात काय नव्हतं, थंडी जवळजवळ नाही, हरणं मुबलक, हिंस्र जनावरं नाहीत, कर नाही, सैन्यात भरती नाही, झाडातून साखर आणि झुडपातून मेणबत्त्यांचं मेण. साखरेचं झाड खरंच आहे, मेपल. असल्या पत्रकात एखादी गोष्ट खरी असतेच, तिच्या आधाराने बाकीचं खपतं.

1790 मध्ये सुमारे पाचशे जण निघाले. मारिएटाहून पाठवलेल्या माणसांनी जंगल तोडून त्यांच्यासाठी ऐंशीएक लाकडी झोपड्या उभ्या केल्या होत्या, तेच गॅलीपोलिस. लोकांच्या हातात पॅरिसहून आणलेली खरेदीखतं, आणि मोजणी झाल्यावर कळलं की झोपड्या उभ्या आहेत ती जमीन सायोटोची नाहीच, ओहायो कंपनीची आहे. सायोटोची म्हणून जी होती तिचे पैसे कुणी कधी भरलेच नाहीत, त्यामुळे तीही नाही. 1792 च्या शेअरबाजाराच्या पडझडीत ड्युअर बुडाला, कर्जापायी तुरुंगात गेला, 1799 मध्ये मेला. गॅलीपोलिसला उरलेल्या फ्रेंचांनी काय केलं? 1795 मध्ये स्वतः राहत असलेलीच जागा ओहायो कंपनीकडून एकरी सव्वा डॉलरने परत विकत घेतली. काँग्रेसने त्याच वर्षी दया म्हणून नदीच्या खालच्या अंगाला 24,000 एकर दिले, नकाशात अजून फ्रेंच ग्रँट म्हणून दिसतात, पण तोवर कितीतरी जण कंटाळून निघून गेले होते. मामांना एवढं सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे डायरीच की." डायरीच.

हे फक्त फ्रेंचांच्याच नशिबी आलं असं नाही. जॉन क्लीव्ह्स सिम्स नावाच्या न्यायाधीशाने, म्हणजे बघा, सिनसिनाटीच्या आसपास जितकी जमीन स्वतःला मिळाली त्याच्या बाहेरचीही विकून टाकली. 1794 मध्ये त्याला पेटंट, म्हणजे सरकारी मालकीपत्र, मिळालं ते सुमारे 3 लाख 11 हजार एकरांचं, करार होता 10 लाखांचा. बाहेर अडकलेल्या लोकांना 1799 मध्ये काँग्रेसने इतकीच सोय दिली की तुम्ही एकरी 2 डॉलर भरून आधी घेऊ शकता.

दुसरा प्रश्न, मूळ मालकाचं काय झालं. हा बरेच लोक सोडून देतात आणि मग सगळा हिशोब चुकतो. तिथे आधीपासून राहणारी मूळनिवासी राष्ट्रं होती, आणि 1790 च्या कायद्याने त्यांच्याकडून जमीन घ्यायची तर सरकारी तहाशिवाय घेता येत नव्हती. त्यामुळे पश्चिम न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षं जे विकलं जात होतं ती जमीन नव्हती, ते होतं प्रीएम्प्शन, म्हणजे सेनेका लोक जेव्हा विकतील तेव्हा घेण्याचा पहिला हक्क आमचा. गंमत म्हणजे 1786 च्या हार्टफर्डच्या कराराने हा हक्क मॅसॅच्युसेट्स राज्याला मिळाला आणि राज्यकारभार न्यूयॉर्कचा. एकाच जमिनीचे दोन पापुद्रे, दोन राज्यांत. मग मॅसॅच्युसेट्सने 1788 मध्ये फेल्प्स आणि गोरहम यांना विकला, त्यांना पैसे झेपले नाहीत, त्यातला मोठा भाग फिरून रॉबर्ट मॉरिसकडे आला, स्वातंत्र्ययुद्धाचा पैसा ज्याने उभा केला तोच मॉरिस, आणि त्याने 1792-93 मध्ये ॲमस्टरडॅमच्या बँकर लोकांना सुमारे 33 लाख एकर विकले, अट ही की सेनेका लोकांचा हक्क मी सोडवून देतो.

तो सोडवला 1797 च्या सप्टेंबरमध्ये, बिग ट्रीच्या तहात, 1 लाख डॉलरला, तेही रोख नाही, बँकेच्या शेअर्समध्ये गुंतवून. सेनेका लोकांकडे उरले ते राखीव तुकडे. म्हणजे विक्री आधी, जमीन मोकळी नंतर, मधे चार-पाच वर्षं. मॉरिसचं पुढे काय झालं ते पण लिहून ठेवा, 1798 पासून 1801 पर्यंत फिलाडेल्फियाच्या कर्जदारांच्या तुरुंगात. ओहायोच्या बाजूला हाच प्रश्न लढाईने सुटला, 1791 मध्ये मूळनिवासींच्या फौजेने अमेरिकन जनरल सेंट क्लेअरची पुरती दाणादाण उडवली, 1794 ला फॉलन टिंबर्सला उलटं झालं, 1795 ला ग्रीनव्हिलचा तह. त्यामुळे तुम्ही वाचत असलेला सौदा ग्रीनव्हिलच्या आधीचा आहे की नंतरचा हे तारखेवरून लगेच बघा. आधीचा असेल तर तिथे राहायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ होता, ब्रोशर काही म्हणो. (आपल्याकडे त्याच 1795 मध्ये महेश्वरला अहिल्याबाई गेल्या, त्यांनी बाहेरून विणकर आणून तिथे बसवले होते, ती वसाहत अजून माग चालवतेय. पण तो वेगळा लेख.)

आता मोजणी. इथे थोडं सावकाश जा, कारण हे एकदा जमलं की जुने कागद भराभर वाचता येतात. 20 मे 1785 च्या लँड ऑर्डिनन्सने सांगितलं की आधी मोजायचं, मग विकायचं. माप गुंटरच्या साखळीचं, 66 फूट, 100 कड्या. 80 साखळ्या म्हणजे 1 मैल, आणि 10 चौरस साखळ्या म्हणजे बरोबर 1 एकर. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचा गुंठा असतो ना 33 बाय 33 फूट, तो याच साखळीचा अर्धा बाय अर्धा, म्हणून तर 40 गुंठ्यांचा एकर चपखल बसतो. आपल्या माळव्यातल्या बिघ्याचं मात्र याच्याशी जमत नाही, ते सोडा.

तर 6 मैल बाय 6 मैलांचा चौकोन म्हणजे टाउनशिप, त्यात 36 सेक्शन, प्रत्येक 640 एकरांचा, आणि 16 नंबरचा सेक्शन शाळेसाठी राखीव. गड्यांनो, कुठला नंबर कुठे येतो हे शोधायचं तर वर्ष बघावं लागतं. 1785 च्या पद्धतीत नंबर आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात, खालून वर सहा, मग शेजारच्या रांगेत परत खालून वर. 1796 पासून नंबर ईशान्य कोपऱ्यातून, डावीकडे सहा, मग खालच्या ओळीत उलटे उजवीकडे, शेतात नांगर फिरतो तसे. दोन्हीत 16 मधोमध पडतो, पण 7 नंबर एकात एकीकडे आणि दुसऱ्यात भलतीकडे. वर्णन असं असतं, अमक्या सेक्शनचा ईशान्य चतुर्थांश, टाउनशिप 2 उत्तर, रेंज 3 पश्चिम. हे उलटं वाचा, शेवटून. आधी रेंजची उभी पट्टी, मग त्यातली टाउनशिप, मग सेक्शन, मग कोपरा. चतुर्थांश म्हणजे 160 एकर.

मोजणीआधी गाव वसवलं की काय होतं त्याचं उदाहरण अलाबामात आहे. नेपोलियन हरल्यावर त्याचे अधिकारी अमेरिकेत आले, आणि मार्च 1817 मध्ये काँग्रेसने फ्रेंच मंडळींना 4 टाउनशिप दिल्या, 92,160 एकर, एकरी 2 डॉलर, मुदत 14 वर्षं, अट ही की द्राक्षं आणि ऑलिव्ह लावा. लोक टॉम्बिग्बी नदीकाठी उतरले, डेमोपोलिस गाव उभं केलं, मग मोजणी आली आणि कळलं की गाव आपल्या हद्दीतच नाही. उठले आणि नवीन गाव मांडलं. ऑलिव्ह थंडीने मेले. जनरल लेफेव्हर-देनुएत्त नावाच्या बहाद्दराने आपल्या लाकडी खोपटात नेपोलियनचा पुतळा ठेवला होता, 1822 मध्ये युरोपला परत जाताना जहाज फुटून बुडाला. पुष्कळांनी आपले हिस्से अमेरिकन लोकांना विकून टाकले, आणि ज्यांनी घेतले त्यांना ऑलिव्हशी काही देणंघेणं नव्हतं, कापूस लावायचा होता.

पैशाचं आता थोडक्यात, कारण हे ईएमआयवाल्यांना शिकवायची गरज नाही. एकरी भाव बघू नका, कमीत कमी किती घ्यावं लागतं ते बघा. 1785 ला भाव एकरी 1 डॉलर, पण घ्यायचे किमान 640 एकर, म्हणजे गरिबाला दार बंद आणि कंपन्यांना उघडं. 1796 ला भाव 2 डॉलर. 1800 च्या कायद्याने किमान 320 एकर आणि हप्त्याची सोय आली, पाव रक्कम आधी, बाकी चार वर्षांत, 6 टक्के व्याज. 1804 ला किमान 160 एकर. मग लोकांनी झेपेल त्याहून जास्त घेतलं, 1819 ची मंदी आली आणि सरकारचीच उधारी 2 कोटी डॉलरच्या वर थकली. 1820 ला उधारी बंद, 80 एकर, एकरी सव्वा डॉलर, 100 डॉलर रोख आणा आणि कागद घेऊन जा. माझ्या मते त्या पस्तीस वर्षांतला साध्या माणसासाठी सगळ्यात प्रामाणिक कायदा हाच.

खाजगी कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक बघा, कागद कधी मिळायचा. ॲमस्टरडॅमवाल्यांची हॉलंड लँड कंपनी, पश्चिम न्यूयॉर्कमध्ये बटाव्हियाला ऑफिस, जोसेफ एलिकट एजंट, बयाणा अगदी थोडा घ्यायची, कधीकधी तोही नाही, पण खरेदीखत शेवटचा हप्ता फिटल्यावर. तोवर वसायला आलेल्याच्या हातात नुसता करार, शेत साफ करून घर बांधलं तरी. उलट न्यूयॉर्क राज्यातल्याच ओट्सेगोचा जमीन विकणारा विल्यम कूपर खरेदीखत लगेच द्यायचा आणि जमीन गहाण लिहून घ्यायचा. 1786 मध्ये 40,000 एकर 16 दिवसांत खपले असं तो स्वतःच सांगून गेलाय. विकणाऱ्याचाच आकडा आहे, त्या हिशोबानेच घ्या. पण मुद्दा बरोबर, आपल्या नावावर झालेल्या जमिनीवर माणूस जास्त राबतो.

मग येतात माणसं. ठरवून वसवलेली वसाहत टिकली का मोडली हे बघायचं तर त्यांना कुठल्या कामासाठी आणलं आणि पोचल्यावर कुठल्या कामाला लावलं ते शोधा. चार्ल्स विल्यमसन हा पुल्टनी असोसिएट्स या ब्रिटिश गुंतवणूकदारांचा एजंट. न्यूयॉर्कमध्ये परदेशी माणसाला जमीन नावावर ठेवता येत नव्हती, म्हणून हा गडी स्वतः अमेरिकन नागरिक झाला आणि सगळी जमीन आपल्या नावावर धरली. 1792 मध्ये त्याच्या जमिनीवर वसवायला विल्यम बर्झीच्या हाताखाली हॅम्बुर्गहून जर्मन मंडळी आणली. ती आली शेती मिळेल म्हणून, त्यांना लावलं जंगलातून रस्ता काढायला. खाण्यावरून, पैशावरून, जमिनीच्या हक्कावरून भांडणं झाली, आणि 1794 मध्ये बर्झी सगळ्यांना घेऊन सरळ कॅनडात मार्कमला गेला. विल्यमसनने मात्र बाथ गावात नाटकगृह आणि घोड्यांच्या शर्यती सुरू केल्या. क्लबहाउस आधी, पाणी नंतर.

याउलट स्विस जाँ-जॅक द्युफूर. याला द्राक्षाची वाइन करायची होती, ते काम त्याला येत होतं, माणसं बरीचशी घरचीच, आणि 1802 मध्ये काँग्रेसकडून 4 सेक्शन एकरी 2 डॉलरने 1814 पर्यंतच्या उधारीवर, व्याज नाही. इंडियानात वेव्हे गाव झालं आणि द्राक्षंही आली. पण ही मेहेरबानी सगळ्यांना नव्हती. 1818 मध्ये आयरिश संघटनांनी आपल्या लोकांसाठी इलिनॉयमध्ये अशीच जमीन उधारीवर मागितली तर काँग्रेसने नाही म्हटलं, एकेका देशाच्या वेगळ्या वस्त्या नकोत म्हणून.

शेवटी कागद कुठे मिळतात. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स नावाची साइट आहे, फुकट, लॉगिन नाही. राज्य निवडा, आडनाव टाका, नसेल तर टाउनशिप-रेंज टाका, पेटंटचा स्कॅन निघतो, त्यावर वर दिलेलं वर्णन असतं. पण ही फक्त केंद्र सरकारने विकलेल्या जमिनींची, ओहायो, इंडियाना, इलिनॉय, अलाबामा अशी राज्यं. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, केंटकी इथली जमीन राज्यांची होती, ती इथे शोधत बसलात तर रात्र जाईल आणि हाती काही लागणार नाही. त्यांचं दप्तर राज्याच्या अर्काइव्हमध्ये आणि काउंटीच्या डीड बुकात, आणि हॉलंड कंपनीचं तर मूळ दप्तरच ॲमस्टरडॅमच्या शहर अभिलेखागारात आहे. जॉर्जियाचं काही वाचत असाल तर 1795 चा याझूचा घोटाळा आधी बघा, साडेतीन कोटी एकर 5 लाख डॉलरला, आमदारांना वाटून. पुढच्या वर्षी नवीन विधानसभेने तो कायदाच रद्द केला, पण तोवर जमीन पुढे विकली गेली होती, आणि 1810 मध्ये सुप्रीम कोर्टाने फ्लेचर विरुद्ध पेक खटल्यात सांगितलं की राज्याने एकदा दिलेला शब्द राज्याला असा मागे घेता येत नाही. म्हणजे तुमच्या साखळीत मधला माणूस चोर असला तरी पुढचा खरेदीदार सुटू शकतो, हे ध्यानात ठेवा.

पत्रव्यवहार हवा असेल तर फाउंडर्स ऑनलाइनवर वॉशिंग्टन, जेफर्सन, हॅमिल्टन यांची पत्रं टाइप केलेली मिळतात, सर्चमध्ये ड्युअर किंवा सायोटो टाका. आणि 1800 च्या आधीचं छापील काही उघडलंत तर त्यात शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला एस हुबेहूब एफसारखा दिसतो, त्यामुळे पझेशन वाचायला गेलात की पफेफन निघतं. दोन-तीन पानं त्रास होतो, मग डोळे आपोआप सरावतात.